ऑनलाइन वर्गात फाईल जोडणे, जमा करणे आणि सांभाळणे : पालक व विद्यार्थ्यांसाठी माहिती

क्लासरूमवर 'मिसिंग' असा लाल शेरा दिसला की घरात पहिला सवाल मुलालाच होतो, "होमवर्क का केलं नाहीस?" बऱ्याचदा होमवर्क झालेलं असतं. वहीत असतं, फोनच्या गॅलरीत असतं, कधी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलेलं असतं. पण शिक्षक जिथं तपासतात तिथं ते पोचलेलं नसतं. मुरुम आणि आसपासच्या गावांतून आम्हा शिक्षकांकडे येणाऱ्या तक्रारींत हीच तक्रार जास्त असते, आणि तिची कारणं ठरलेली आहेत. ती एकदा नीट समजून घेतली तर मुलाची मेहनत वाया जात नाही.

थोडी पार्श्वभूमी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यात अभ्यास पोचवण्याचं मुख्य साधन व्हॉट्सअॅप होतं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमालाही ग्रुपमधून फिरत होती. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य सरकारने गुगलसोबत करार करून शाळांसाठी गुगल क्लासरूम विनाशुल्क खुलं केलं. गुगलने हे साधन २०१४ मध्ये काढलं होतं, पण आपल्या उमरगा तालुक्यातल्या बहुतेक घरांना त्याचं नाव कळलं ते लॉकडाऊनमध्येच.

फाईल जमा होणं किती महत्त्वाचं असू शकतं हे २०२१ च्या दहावीने दाखवलं. परीक्षा रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. प्रत्येक विषयाच्या १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावर, ३० गुण दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावर आणि २० गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकावर होते. १६ जुलै २०२१ ला तो निकाल लागला. ज्या गृहपाठाकडे 'नंतर देऊ' म्हणून बघितलं जायचं, तो थेट गुणपत्रिकेत उतरला. आज शाळा रोज भरते, तरी प्रकल्प, सुट्टीतला अभ्यास, ज्युनिअर कॉलेजचं प्रॅक्टिकल, क्लासेसच्या टेस्ट यासाठी ऑनलाइन वर्ग अनेक ठिकाणी राहिलेच आहेत.

जोडलं म्हणजे जमा झालं असं नाही

हा मुद्दा सगळ्यात आधी. क्लासरूममध्ये दिलेलं काम उघडलं की खाली 'युअर वर्क' असा भाग दिसतो. तिथं 'अॅड' किंवा 'अॅटॅचमेंट'वर बोट ठेवलं की ड्राइव्ह, लिंक, फाईल, कॅमेरा असे पर्याय येतात. फोनमधली फाईल निवडली, गोल फिरणारी खूण थांबली, फाईलचं छोटं चित्र दिसलं. इथपर्यंत फाईल फक्त जोडली गेली. यानंतर 'हँड इन' (काही फोनमध्ये 'टर्न इन') हे बटण दाबायचं असतं, आणि ते दाबल्यावर 'खरंच द्यायचं का?' असा पुन्हा सवाल येतो, त्यालाही हो म्हणायचं. तेव्हा वर 'हँडेड इन' असं येतं. बरीच मुलं फाईल दिसली की फोन ठेवून देतात. खेळायला जायची घाई असते, किंवा फोन अब्बूंना दुकानावर न्यायचा असतो. फाईल तशीच अर्ध्यावर राहते आणि मुदत संपली की लाल शेरा येतो.

'मार्क अॅज डन' नावाचं दुसरं बटण काहीही न जोडता दाबता येतं. ते दाबलं की काम झाल्याची नोंद होते, पण शिक्षकांच्या पडद्यावर कागद कोराच असतो. हे बटण 'धडा वाचा' अशा कामासाठी आहे. वहीचा फोटो मागितला असेल तर त्याला हात लावू नये.

जमा केल्यावर चूक लक्षात आली तर 'अनसबमिट' करून फाईल बदलता येते. इथं एक सावधगिरी हवी. मुदत उलटल्यावर परत घेतलेलं काम पुन्हा दिलं की ते 'लेट' दिसतं, आणि शिक्षकांनी मुदतीनंतर काम घेणं बंद ठेवलं असेल तर ते परत देताच येत नाही. एखादं पान राहिलं असेल तर अनसबमिट करण्याआधी शिक्षकांना 'प्रायव्हेट कॉमेंट'मध्ये लिहून विचारा. ही कॉमेंट फक्त मुलाला आणि शिक्षकांना दिसते. त्याच्या जवळपासच दिसणारी 'क्लास कॉमेंट' मात्र सगळ्या वर्गाला दिसते. घरची अडचण, फीचा विषय, फोन नंबर असं काही तिथं लिहू नये.

रात्री ११:५९ ची मुदत असली तरी आपल्याकडे लाइट आणि रेंज या दोन्हींचा भरवसा नाही. संध्याकाळी, रेंज असताना काम उरकून घ्या.

दहा फोटो नकोत, एक पीडीएफ हवी

गणिताचा स्वाध्याय सहा पानांचा असेल तर मुलं सहा फोटो काढतात. एक आडवा, एक उलटा, एकावर पंख्याची सावली, एकात दस्तरखानाची किनार. आजच्या फोनचा एक फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा असतो, म्हणजे सहा पानांत तीस एमबीपर्यंत डेटा गेला. शिवाय तपासणाऱ्याला सहा फाईली एकेक करून उघडाव्या लागतात, आणि क्रम बदललेला असेल तर तिसऱ्या पानाचं उत्तर पहिल्या पानात शोधावं लागतं. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर हा नुसता मनस्ताप होतो, आणि त्यात एखाद्याचं पान नजरेतून सुटतं.

यावर उपाय म्हणजे स्कॅन करून एकच पीडीएफ करणं. त्यासाठी वेगळं अॅप घ्यायची गरज नाही. अँड्रॉइड फोनमध्ये गुगल ड्राइव्ह असतंच. ते उघडून कॅमेऱ्याच्या खुणेवर किंवा अधिकच्या चिन्हात 'स्कॅन'वर गेलं की पानामागून पान घेता येतं. कडा आपोआप कापल्या जातात, कागद पांढरा होतो, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक फाईल तयार होते. क्लासरूमच्या अॅपमध्येही कॅमेऱ्याने पानं घेऊन एक पीडीएफ करायची सोय आहे. पानं दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, वही सपाट ठेवून घ्या. पेन्सिलने लिहिलेलं असेल तर पांढरंशुभ्र करणारं फिल्टर वापरू नका, अक्षरं उडतात.

स्कॅनिंगबद्दल जुना सल्ला अजून फिरतो म्हणून सांगतो. पूर्वी सगळे कॅमस्कॅनर वापरायचे आणि फाईल पाठवायला शेअरइट किंवा झेंडर. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात ही तिन्ही होती. अजूनही कुणी त्यांची फाईल ब्लूटूथने किंवा कुठल्यातरी अनोळखी साइटवरून टाकून देतं. असं काही मुलाच्या फोनमध्ये टाकू नका.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट, जी मराठी-इंग्रजीत लिहिलेल्या सूचनांमध्ये सापडत नाही. उर्दूची वही उजवीकडून सुरू होते. उघडी वही एकाच फोटोत घेतली तर आधी वाचायचं पान उजवीकडे आणि नंतरचं डावीकडे येतं. त्याच दिवशीची मराठी किंवा गणिताची वही याच्या उलट. म्हणून एका वेळी एकच पान घ्यावं आणि पानाच्या कोपऱ्यात आधी पेनने क्रमांक टाकावा. उर्दूत एक, दोन, तीन लिहिले तरी चालतं. स्कॅन झाल्यावर जमा करण्याआधी पहिलं पान पहिलंच आहे ना, हे बघून घ्या.

फाईलच्या नावालाही महत्त्व आहे. फोन स्वतःहून जे नाव देतो त्यात नुसती तारीख आणि आकडे असतात, त्यावरून कुणाचं काय ते कळत नाही. इयत्ता, हजेरी क्रमांक, विषय आणि घटक एवढं पुरेसं आहे, जसं '१०अ-०४-गणित-घटक२'. हजेरी क्रमांक दोन आकडी लिहिला की यादी क्रमाने लागते. नावात उर्दू आणि इंग्रजी एकत्र लिहू नका. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून, मध्ये आकडे, त्यामुळे पडद्यावर नावाचे तुकडे मागेपुढे दिसतात आणि शोधायला गेलं तर सापडत नाहीत. पूर्ण उर्दूत लिहा किंवा पूर्ण मराठी-इंग्रजीत.

व्हॉट्सअॅपवरून काम मागवलं असेल तर फोटो 'फोटो' म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप त्याला दाबून लहान करतं. लग्नातल्या फोटोला त्याने फरक पडत नाही, पण वहीतल्या अपूर्णांकाची रेघ पुसट होते, आणि उर्दूतले नुक्ते तर पहिले जातात. 'बे'चा 'ते' झाला तर तपासणाऱ्याने काय समजायचं?

फाईल उघडत नाही, चौकोन दिसतात

ही तक्रार मुलांची नसून शिक्षकांनी पाठवलेल्या फाईलींची आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. आपल्याकडच्या शाळांत उर्दूच्या जुन्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आणि मराठीच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. इनपेजची मूळ फाईल फोनमध्ये उघडतच नाही. श्रीलिपीच्या फाँटमधली वर्डची फाईल उघडते, पण तो फाँट फोनमध्ये नसल्यामुळे भलतीच चिन्हं दिसतात. फाईल खराब झालेली नसते. त्या जुन्या पद्धतीत अक्षराचा खरा संकेतांक साठवलेला नसतो, इंग्रजीच्या जागेवर मराठीचा आकार बसवलेला असतो. युनिकोडमध्ये लिहिलेलं मात्र कुठल्याही फोनवर वाचता येतं.

त्यामुळे अशी फाईल ज्या कंप्युटरवर बनली तिथंच पीडीएफ करून मग वर्गात टाकावी. पीडीएफमध्ये फाँट सोबत येतो, म्हणून नस्तालीक नस्तालीकच दिसतं. नवीन काही लिहायचं असेल तर सरळ गुगल डॉक्समध्ये युनिकोडने लिहावं. तिथं नोटो नस्तालीक उर्दू नावाचा फाँट मिळतो आणि उजवीकडून लिहिण्याचं बटणही आहे. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा टाकून घेतल्या तर बोलूनही लिहिता येतं. दादीने सांगितलेली म्हण किंवा जुनी हकीकत प्रकल्पात घ्यायची असेल तर ही सोय कामाला येते. जोडाक्षरं मात्र नंतर तपासा.

फोनचा आयफोन असेल, आणि आखातातून भाईजानने पाठवलेले आयफोन आता गावात दिसतात, तर त्याचा फोटो वेगळ्या प्रकारच्या फाईलमध्ये साठवला जातो आणि शाळेच्या जुन्या कंप्युटरवर तो उघडत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की साधा फोटो साठवला जातो. पीडीएफ स्कॅन केली तर हा प्रश्नच येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द इथंच. क्लासरूममध्ये फाईल जोडताना तीन पर्याय असतात : मुलांनी फक्त बघावी, सगळ्यांनी तीच फाईल बदलावी, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत मिळावी. कार्यपत्रिका असेल तर तिसरा पर्याय निवडा, आणि काम प्रसिद्ध करण्याआधीच निवडा, नंतर तो मिळत नाही. दुसरा पर्याय राहिला तर एकाच कागदावर चाळीस मुलं लिहितात, एकाचं उत्तर दुसरा खोडतो, आणि मग घरोघरी भांडण. ड्राइव्हची लिंक व्हॉट्सअॅपवर टाकत असाल तर आधी दुसऱ्या कुठल्यातरी फोनवर उघडून बघा. परवानगी दिलेली नसेल तर मुलाला 'रिक्वेस्ट अॅक्सेस' असा दरवाजा दिसतो, मूल तो दाबतं, आणि शिक्षकांच्या ईमेलमध्ये चाळीस अर्ज जमा होतात. क्लासरूममध्येच ड्राइव्हच्या खुणेवरून जोडलेल्या फाईलला वर्गाची परवानगी आपोआप मिळते.

पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून पाठवायची तर गरजच नाही. बालभारतीची पुस्तकं मराठी, उर्दू, कन्नडसह इतर माध्यमांत पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत. पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा अॅपने स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यामागे पुस्तकांतल्या क्यूआर कोडचं त्यांचं कामही होतं. मोठी फाईल फिरवण्यापेक्षा तिच्याकडे बोट दाखवणं केव्हाही हलकं.

एका खात्यावर तीन मुलं

घरात एकच स्मार्टफोन, त्यात अब्बूंचं एकच गुगल खातं, आणि त्यावर मोठी दहावीत, मधला सातवीत, धाकटी चौथीत. ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. मग सातवीच्या वर्गात काम अब्बूंच्या नावाने जमा होतं, मोठीची फाईल मधल्याच्या कामाला जोडली जाते. शाळेने मुलाच्या नावाचं खातं दिलं असेल तर वर्गात त्याच खात्याने जावं. शाळेच्या खात्यांचा वर्ग बहुतेक वेळा बाहेरच्या खात्याला आत घेतच नाही, 'कोड चुकीचा आहे' असं समजून लोक उगाच शाळेत फोन करतात. एका फोनमध्ये दोन-तीन खाती ठेवता येतात. वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदलायचं, आणि जमा करण्याआधी तिथं कुणाचं नाव आहे हे बघायचं, एवढीच सवय लावावी लागते.

दुसरी अडचण जागेची. मोफत गुगल खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांत मिळून असते. चाचूच्या वलीम्याचे व्हिडिओ फोटोजमध्ये आपोआप चढले की जागा भरते. मग मुलाची दोन एमबीची पीडीएफ चढत नाही आणि दोष नेटला दिला जातो. फोटोजमधलं 'बॅकअप' त्या खात्यापुरतं बंद करा, मोठे व्हिडिओ पेनड्राइव्हवर काढून घ्या. ड्राइव्हमधून काढलेली फाईल ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये असते, तोपर्यंत परत आणता येते. त्यानंतर नाही. आणि जागा मोकळी करण्याच्या नादात 'क्लासरूम' नावाचा फोल्डर उडवू नका. तो मुलाच्या ड्राइव्हमध्ये आपोआप तयार होतो आणि जमा केलेली कामं त्यातच विषयवार असतात. तपासून गुण परत येईपर्यंत तरी त्यातलं काही काढू नये. काम जमा असताना फाईल शिक्षकांच्या ताब्यात जाते, मूल ती फक्त बघू शकतं. 'रिटर्न' झाल्यावर ती पुन्हा मुलाची होते. मध्येच 'माझी फाईल मला बदलता येत नाही' म्हणून घाबरायचं कारण नाही.

पासवर्ड आणि ओटीपी हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथं एकच सांगतो. खातं काढताना जो नंबर दिला तो चालू ठेवा. अब्बू कामाला मस्कतला किंवा पुण्याला, त्यांचा जुना सिम बंद, आणि ओटीपी त्याच नंबरवर. अशी खाती कायमची हातातून गेलेली आहेत. 'रिकव्हरी' म्हणून अम्मीचा नंबरही टाकून ठेवा. पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहून ठेवला तर काही बिघडत नाही, मात्र तो ग्रुपवर किंवा क्लासच्या कुणा सरांना पाठवू नये.

मुलींचे व्हिडिओ, घरातले फोटो, आधार कार्ड यांबद्दल पालक विचारतात आणि विचारायलाच हवं. तोंडी परीक्षेचा किंवा कवितापठणाचा व्हिडिओ मागितला असेल तर तो वर्गाच्या कामातच जमा करावा, तिथं तो शिक्षकांनाच दिसतो. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ किती फोनमध्ये उतरला हे कुणालाच सांगता येत नाही. चेहरा दाखवायची इच्छा नसेल तर नुसता आवाज रेकॉर्ड करून देण्याची परवानगी शिक्षकांकडे आधीच मागावी, तोंडी कामाला बहुतेक वेळा आवाज पुरतो. आधारची प्रत गृहपाठाला कधीच लागत नाही. कुणी क्लासरूममधून मागत असेल तर शाळेत जाऊन खात्री करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. म्हणजे असा सवाल विचारणं हा पालकांचा हक्क आहे, त्यात संकोच कसला.

शाळेची खाती असतील तर पालकांना आपल्या ईमेलवर मुलाच्या राहिलेल्या आणि येणाऱ्या कामांचा गोषवारा मागवता येतो. त्यासाठी वर्गशिक्षकांना आपला ईमेल द्यावा लागतो. रोज किंवा आठवड्याला एक मेल येतो. मुलाचा फोन हिसकावून तपासण्यापेक्षा हे बरं.

वर्ष संपलं की शिक्षक वर्ग 'अर्काइव्ह' करतात. तो यादीतून दिसेनासा होतो, पण मेन्यूतल्या 'अर्काइव्हड क्लासेस'मध्ये असतो आणि फाईली ड्राइव्हमध्ये राहतात. दहावी-बारावीच्या मुलांनी मात्र दाखला घेण्याआधी एक काम करावं. शाळेचं खातं शाळेचं असतं, मूल बाहेर पडलं की शाळा ते बंद करू शकते आणि त्याबरोबर प्रकल्प, प्रमाणपत्रांचे स्कॅन, नोट्स सगळं जातं. शाळेच्या खात्यात असताना गुगलच्या 'टेकआउट' पानावर गेलं की 'ट्रान्सफर'ची सोय मिळते, तिने ड्राइव्ह आणि मेल स्वतःच्या खात्यात हलवता येतात. शाळेने ती बंद ठेवली असेल तर फाईली एकेक डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्याव्यात. ज्या स्वतःच्या खात्यात त्या ठेवाल ते खातं अधूनमधून उघडत राहा, कारण दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून तसं सुरूही झालं आहे.